वेंगुर्ले : दर्याकडे पाठ फिरवलेले बंदर

या थ्रेडमध्ये आजवर कोकणची बंदरे आपण कागदपत्रांतून पाहिली. आजच्या भागात माहितीइतकेच माझे मतही आहे, हे आधीच सांगतो.

वेंगुर्ल्यात उभा जन्म काढलेले, नव्वदीकडे झुकलेले आमच्या नात्यातले एक आजोबा आहेत. गावाचा इतिहास विचारला की ते डचांपासून नव्हे, आगबोटीपासून सुरुवात करतात. ‘पूर्वी गावाचा तोंड दर्याकडे होता, आता पाठ आसा.’ मुंबईची बोट बंद झाली आणि गाव मेले, असा त्यांचा हिशेब.

कागदांचा हिशेब निराळा आहे. १६३७ मध्ये डच येथे आले, ते गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना जवळ ठाणे हवे म्हणून. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून बंदर इंग्रजांकडे गेले. बेळगावचा माल आंबोली घाट उतरून येथे येई आणि जहाजांवर चढे. मग १८८८ च्या सुमारास घाटमाथ्याची रेल्वे थेट मुरगावच्या धक्क्याला जोडली गेली आणि घाटातल्या बैलगाड्यांचे महत्त्व ओसरले. म्हणजे आजोबांच्या जन्माआधीच बंदराचा मोठा व्यापार दुसरीकडे वळला होता. त्यांनी पाहिले ते मुख्यतः माणसांचे बंदर : मुंबईच्या गिरण्यांत निघालेले तरुण, गणपतीला परतणारे चाकरमानी, मागे राहून मनिऑर्डरची वाट पाहणारी घरे.

पहिल्यांदा हे जुळवून पाहिले तेव्हा, खोटे कशाला बोलू, आजोबांची चूक सापडल्याचा मला आनंद झाला होता. आज तो आनंद पोरकट वाटतो. व्यापार कधी गेला, हे दप्तर सांगते. गावाचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे सांगत नाही. निरोप देण्याची जागा बंदर होती. पुढे ती एसटीचा थांबा झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण तिने वेंगुर्ल्याला वळसा घातला. गाडी धरायची तर कुडाळ किंवा सावंतवाडी गाठावी लागते. महामार्गही आतल्या बाजूनेच गेला. दोन शतकांत दोन रेल्वे, आणि दोन्ही वेळा वेंगुर्ले बाजूला. समुद्र आता पर्यटकांनी पाहायचा.

तरीही त्या काळाचे गोडवे गाणे मला मान्य नाही. पावसाळ्यात बोटी बंद पडत. एरवीही बोट खोल पाण्यात उभी राही आणि लेकरे, म्हातारी, ट्रंका हलत्या पडावातून तिच्यापर्यंत न्याव्या लागत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. आजोबांच्या पिढीच्या मनातून ती बोट कधी गेली नाही. एसटीने बारमाही रस्ता दिला, हे उपकार लहान नव्हेत. हे ऐकवले की आजोबा मान डोलावतात आणि पुन्हा आगबोटीवर येतात.

माझी तक्रार आपल्यासारख्या इतिहासप्रेमींविषयी आहे. पडक्या डच वखारीसमोर आपण फोटो काढतो, तिचे साल तोंडपाठ असते. पण ज्या प्रवासाने कोकणातल्या पिढ्यानपिढ्यांचे आयुष्य ठरवले, त्याची साक्ष घ्यायला कुणी बसत नाही. वखार अजून काही पावसाळे काढील. नव्वदीच्या माणसांचे तसे नाही.

म्हणून यंदा गावी गेलात, तर घरच्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसून विचारा. तिकीट कुठे मिळे? पडाव कोण वल्हवी, आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागत का? मासळीवाल्या बायका आणि हमाल कोणत्या वाड्यांतून येत? बोट लागू नये म्हणून बरोबर काय घेत? जमले तर आवाज रेकॉर्ड करा, आणि मालवणी असेल तर मालवणीतच राहू द्या.

शेवटच्या प्रश्नाला आमच्या आजोबांचे उत्तर एका शब्दाचे होते : लिंबू.