दुधाला अनुदान, वासरू वाऱ्यावर

आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या दिवशी, महाराष्ट्रात पूजा होते ती केवळ गाईची नव्हे, तर सवत्स धेनूची. त्या दिवशी गाईचे दूध आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य मानण्याची प्रथा अनेक घरांत आजही पाळली जाते. दुधावर पहिला अधिकार वासराचा, हा त्या व्रतामागील साधा अर्थ आहे. निरक्षर गृहिणीलाही कळणारा हा अर्थ राज्याच्या दुग्धधोरणाला मात्र अद्याप उमगलेला नाही. या धोरणाच्या लेखी लिटर आहे, फॅट आहे, टँकर आहे. फक्त वासरू नाही.

कोल्हापूर जिल्ह्याइतके याचे ठळक उदाहरण दुसरे नसेल. १९६३ मध्ये येथे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच आजचा ‘गोकुळ’, स्थापन झाला. करवीरपासून चंदगडपर्यंत गावोगावी दूधसंस्था उभ्या राहिल्या. उसाचे बिल हंगामात येते, दुधाचे दर दहा दिवसांनी. त्यामुळे अल्पभूधारकाच्या घरचा किराणा आणि मुलांची शाळा दुधावरच चालते. कोल्हापूरची ख्याती म्हशीच्या दुधाची. पण संकरित गाईनेही येथील गोठ्यात भक्कम स्थान मिळविले आहे. दोन-तीन गाईंचा हा गोठा टिकायचा असेल तर म्हाताऱ्या गाईची जागा घेणारी कालवड घरातच तयार व्हायला हवी. अन्यथा कर्ज काढून परमुलखाच्या बाजारातून जनावर आणणे, एवढाच मार्ग उरतो.

शासन या प्रश्नाकडे कसे पाहते? जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले. त्यासाठी संस्थेने किमान २७ रुपये दर द्यावा, अशी अट होती. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून हे अनुदान ७ रुपये झाले. दर कोसळलेले असताना ही मदत शेतकऱ्याला हवीच होती. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु हे अनुदान मोजले जात होते संस्थेत घातलेल्या दुधावर. वासराने प्यायलेल्या दुधाची नोंद कोणत्याच वहीत नव्हती.

हिशेब सरळ आहे. पंचवीस-तीस किलो वजनाच्या नवजात संकरित वासराला दिवसाला सुमारे ३ लिटर दूध लागते. दोन महिन्यांत ते १८० लिटर होते. २७ रुपयांच्या दराने त्याची किंमत ४,८६० रुपये. ५ रुपयांचे अनुदान धरले तर ५,७६० रुपये. जो शेतकरी वासराच्या तोंडचे दूध काढून किटलीत ओतेल, त्याला हे पैसे मिळणार; जो वासराला पोटभर पाजेल, तो तेवढ्याला मुकणार! वासराची उपासमार करणाऱ्याला बक्षीस आणि गोपालन करणाऱ्याला दंड, असे हे धोरण आहे. त्यापुढचा काळ आणखी कठीण. चांगली निगा राखली तरी संकरित कालवड पहिल्यांदा विण्यास अडीच वर्षांच्या आसपास काळ जातो. तोवर पेंड, वैरण, औषधपाणी सारे घरातून, उत्पन्न शून्य.

हे सरकारला कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाच्या शिफारशीनुसार १९७५-७६ मध्ये केंद्राने विशेष पशुधन उत्पादन कार्यक्रम सुरू केला. लहान व अत्यल्पभूधारक शेतकरी आणि शेतमजूर यांनी संकरित कालवडी वाढवाव्यात, म्हणून खाद्यासाठी अनुदान देण्याची तरतूद त्यात होती. अर्ध्या शतकापूर्वी दिल्लीला जे सुचले, ते धोरणाच्या केंद्रस्थानी का राहिले नाही? कालवडीला मत नसते आणि लिटरचा दर निवडणुकीत गाजतो, हेच त्याचे उत्तर आहे.

‘संकरित गाय ती कसली गाय’, असा आक्षेप काही गोभक्त घेतात. देशी वंशाचे रक्षण झालेच पाहिजे. खिलार आणि कृष्णा खोऱ्यातील गाय हे याच मातीचे वैभव आहे. पण संकरित गाय शेतकऱ्याने हट्टाने आणली काय? शासनाच्याच कृत्रिम रेतन केंद्रांतून ती त्याच्या दारी आली. १९७६ च्या गोहत्याबंदी कायद्याने गाईची जात विचारली नाही. १९९५ च्या ज्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, तिने बैल व वळू यांनाही संरक्षण देताना वंश पाहिला नाही. ते योग्यच झाले. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित करून गोशाळांना प्रतिदिन ५० रुपये देण्याचा निर्णय झाला, तो केवळ देशी गाईंपुरता. बंदी सर्वांना आणि आधार काहींना, हा न्याय कोणता? संकरित खोंड सांभाळण्याचा सारा भार दोन एकरांच्या शेतकऱ्याने एकट्याने का वाहावा? २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांदरम्यान देशातील गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. कायदा आहे आणि गोऱ्हा नाही, याचा अर्थ धोरणकर्त्यांनी समजून घ्यावा.

२०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा शासनाने मृत जनावरांची भरपाई ठरविली. गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये. मेलेल्या वासराची किंमत शासनाला अचूक कळली. जिवंत वासराची कधी कळणार?

मागणी अवाजवी नाही. जन्मताच वासराच्या कानात बिल्ला मारावा आणि पहिल्या वेतापर्यंत खाद्याचे अनुदान हप्त्याहप्त्याने शेतकऱ्याच्या खात्यात जमा करावे. प्रत्येक हप्ता लसीकरणाशी जोडला, तर कागदोपत्री कालवडींना वाव राहणार नाही. कालवडीच जन्माव्यात यासाठी लिंगविनिश्चित वीर्यमात्रा गावच्या दूधसंस्थेतच वेळेवर मिळावी. जे खोंड तरीही जन्मतील, त्यांच्यासाठी गोशाळांना वंशभेद न करता अनुदान द्यावे. बिल्ला आणि बँक खाते यांची सांगड शासनाने दूध अनुदानासाठी २०२४ मध्येच घातली आहे. लिटर मोजण्यासाठी जी यंत्रणा राबली, ती वासरू मोजण्यासाठी राबविता येणार नाही, असे कोणत्या तोंडाने सांगणार?