पेढीवरचा मोडेम आणि दूरचा कारभारी

इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावातील दुकान आज जितके तराजूवर चालते, तितकेच भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा पेटीवर चालते. ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचे व्यवहार यांची ये-जा त्या मोडेममधूनच होते. तरीही तिजोरीची किल्ली जिवापाड जपणारा व्यापारी या पेटीकडे क्वचितच लक्ष देतो.

मोडेम हा वस्तुतः एक छोटा संगणकच होय. त्याला चालविणारी, त्याच्या आत कायम साठविलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. तिच्यात कालांतराने उणिवा आढळतात आणि त्या दुरुस्त कराव्या लागतात. प्रत्येक गावी माणूस धाडणे परवडणारे नसल्याने हे काम दुरूनच केले जाते. त्यासाठीची टीआर-०६९ ही पद्धत २००४ साली प्रसिद्ध झाली. मोडेम सुरू होताच, आणि पुढे ठरावीक अंतराने, सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावतो व आपली आवृत्ती कळवितो. नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास सर्व्हर तिचा पत्ता देतो. मोडेम ती उतरवून घेतो आणि पुन्हा सुरू होतो.

हे काम सहसा रात्री उरकले जाते. अडचण येते ती येथेच. वीज वाचावी, वळवाच्या विजांपासून यंत्र सुरक्षित राहावे, म्हणून दुकान बंद करताना मुख्य बटण बंद करण्याची आपली जुनी रीत आहे. मग रात्रीची दुरुस्ती सकाळी, दुकान उघडताच सुरू होण्याचा संभव असतो. दिवे लुकलुकतात, इंटरनेट मिळत नाही, गिऱ्हाईक खोळंबते, आणि अधीर हात प्लग उपसतो. आज्ञावली अर्धवट लिहिली गेली, तर पेटी निकामी होऊ शकते. फायबरच्या जोडणीत आज्ञावलीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असते. नवी बिघडली तरी जुनीवर काम चालते. जुन्या, स्वस्त मोडेममध्ये मात्र असा आधार बहुधा नसतो.

दुरून दार उघडता येते, तेव्हा ते चोरालाही खुणावते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीतील डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. हल्ला झाला तो दूरस्थ व्यवस्थापनाच्याच मार्गावर. कंपनीने सुधारित फर्मवेअर पाठविले आणि मोडेम बंद करून पुन्हा सुरू करण्यास ग्राहकांना सांगितले. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या मोडेमवर घातक आज्ञावलीचा हल्ला झाला. कारखान्यातून आलेला पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, त्यांना त्याची झळ बसली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत तर ७२ तासांत सहा लाखांहून अधिक राउटर कायमचे निकामी झाले आणि ते बदलूनच द्यावे लागले.

बँकेत एकाने नोंद करावी व दुसऱ्याने ती तपासावी, असा दंडक असतो. फर्मवेअरलाही तोच न्याय लागू पडतो. चांगली यंत्रे आलेल्या आज्ञावलीवरील निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी पडताळतात आणि मगच तिचा स्वीकार करतात. ग्राहकाच्या हाती असलेली दक्षता मात्र ग्राहकानेच घ्यावयाची आहे. जोडणी मिळताच मूळ पासवर्ड बदलावा. मोडेमला लहान यूपीएसचा आधार द्यावा. दिवे लुकलुकत असतील तर पंधरा-वीस मिनिटे प्लगला हात लावू नये. वादळी रात्री मोडेम काढून ठेवणे योग्यच; एरवी तो चालू राहू द्यावा. आठ-दहा वर्षे जुन्या मोडेमला नवी आवृत्ती मिळते का, हे कंपनीस विचारावे. मिळत नसेल तर तो बदलणेच स्वस्त.

आणखी एक गोष्ट घरातील ज्येष्ठांना व दुकानातील नोकरांना आवर्जून सांगावी. मोडेमच्या दुरुस्तीसाठी कोणासही ओटीपी, बँकेचा तपशील वा मोबाइलचा ताबा द्यावा लागत नाही. तसे मागणारा फोन येताच तो ठेवून द्यावा आणि कंपनीच्या देयकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. खरा कारभारी आपले काम गुपचूप उरकतो. तो तिजोरीची किल्ली मागत नाही.