विश्रांती कोणाची?

कलानिर्मितीला ताणमुक्तीचा उपाय ठरवणारे भरतमुनींनाही साक्षीला बोलावतात. दुःखार्त, श्रमार्त, शोकार्त यांना नाट्य विश्रांती देईल, असे नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे, हे खरे. पण ही विश्रांती प्रेक्षकाची. प्रयोग करणाऱ्याच्या वाट्याला त्याच ग्रंथात 108 करणांचा अभ्यास येतो! अॅरिस्टॉटलचे कॅथार्सिसही शोकात्मिकेच्या प्रेक्षकाचेच मानले जाते. आस्वादकाचे फळ निर्मात्याच्या पदरात टाकणे हा निव्वळ वैचारिक घोटाळा होय.

2016 मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 39 प्रौढांना 45 मिनिटे रेखाटन, माती, कोलाज यांत रमू दिले. सुमारे 75 टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल उतरले. निष्कर्षाशी वाद नाही. मात्र कलेच्या पूर्वानुभवाने त्यात लक्षणीय फरक पडला नाही, आणि पुरस्कर्त्यांना हीच त्याची थोरवी वाटते. सरावलेला व नवखा जिथे सारखेच ठरतात, तिथे मोजली गेली ती कला नव्हे, हातांची गुंतवणूक. तिचे मोल निराळे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण तिलाच निर्मिती म्हटले, की रचनेशी झगडणे हा दोष ठरतो. मर्ढेकरांच्या लयविचारात संवाद आणि समतोल यांच्या जोडीला विरोधही आहे. तो निवारला तर कलाकृतीची घडणच उरत नाही.