महाराजाची पोस्टरे दस्तऐवज म्हणून जपा

एअर इंडियाची जुनी पोस्टरे आज दिवाणखान्याची शोभा म्हणून विकत घेतली जातात. त्यांची खरी जागा मात्र अभिलेखागारात आहे, कारण नवस्वतंत्र देशाला जगासमोर कसे उभे राहायचे होते, याचा तो लेखी-चित्रित पुरावा आहे. कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी 1946 मध्ये मुंबईत महाराजा हा कंपनीचा शुभंकर घडवला. 8 जून 1948 रोजी कंपनीचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. पुढे पोस्टरांवर हाच महाराजा टोकियोत सुमो पैलवान झाला, पॅरिसात प्रेमवीर झाला. झुबकेदार मिशा, पट्ट्यापट्ट्यांचा फेटा कायम; वेश तेवढा त्या त्या शहराचा.

यावर आक्षेप असा की, संस्थाने विलीन होत असताना राजाचे चित्र मिरवणे म्हणजे पाश्चात्त्यांना हवा तो भारत विकणे. आक्षेपात तथ्य आहे. विमानप्रवास तेव्हा मूठभरांनाच परवडत होता, हेही खरे. पण म्हणूनच ही चित्रे मोलाची आहेत. जाहिरात वस्तुस्थिती सांगत नाही. ती विकणाऱ्याची आकांक्षा आणि गिऱ्हाइकाविषयीचा त्याचा अंदाज सांगते, आणि या गोष्टी सरकारी कागदपत्रांत सापडत नाहीत. तेव्हा ही पोस्टरे नुसती टांगू नयेत. चित्रकार, साल आणि उद्दिष्ट गिऱ्हाईक यांच्या नोंदीसह ती संग्रहालयांनी लोकांपुढे मांडावीत. आक्षेपांचीही नोंद शेजारीच असावी.