मोटारीच्या मेंदूची किल्ली

कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवावा, इंजिनाची लय कानाने जोखावी आणि बिघाड सांगावा, ही विद्या आता जवळपास लोपली आहे. तिची जागा इंजिन कंट्रोल युनिट नावाच्या एका बंद डबीने घेतली आहे.

ही डबी मुळात हिशेबनीस आहे. आत येणारी हवा किती, इंजिनाचे पाणी किती तापले, क्रँकशाफ्ट कोणत्या कोनात आहे, याची वर्दी सेन्सर तिला क्षणोक्षणी देतात. स्मृतीतील कोष्टकांशी ती ताडून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवावा व ठिणगी केव्हा पाडावी, हे ती ठरवते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखले तरच धुराच्या नळीतील उत्प्रेरक विषारी वायू नीट निवळवतो. म्हणून धुरातील प्राणवायू मोजून ती स्वतःची चूकही सुधारते. कार्बोरेटरला हे साधणारे नव्हते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर भारतात दुचाकींनाही हाच मार्ग धरावा लागला, आणि ते योग्यच झाले.

प्रश्न निराळा आहे. बिघाडाची नोंद ही डबी संकेतांकांत ठेवते. त्यांपैकी सर्वसामान्य संकेतांक साध्या यंत्राने कोणालाही वाचता येतात. परंतु कंपनीचे खास संकेतांक वाचणे, नव्या सुट्या भागाची डबीशी ओळख करून देणे, यांच्या किल्ल्या अधिकृत सेवाकेंद्रांपुरत्याच राखल्या, की नाक्यावरचा कुशल मेकॅनिक हातात पाना असून निरुपयोगी ठरतो. मोटार घेताना ग्राहकाला स्पर्धेचा लाभ मिळतो. ती दारात आली, की दुरुस्तीच्या बाजारात तो एकाच विक्रेत्याचे बांधील कूळ बनतो. अर्थशास्त्रात यालाच मक्तेदारी म्हणतात.

भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व निदानसाधने स्वतंत्र दुरुस्तीदारांपासून रोखल्याबद्दलच. आदेश पुढे अपिलांच्या फेऱ्यांत सापडला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने मात्र २०१२ मध्येच कायदा करून ही साधने खुली करायला लावली.

किल्ली बाहेर गेली तर प्रदूषणाचे नियम मोडले जातील, अशी भीती घातली जाते. ती अगदीच खोटी नाही. पण २०१५ साली उघडकीस आलेली सर्वांत कुप्रसिद्ध लबाडी नाक्यावरच्या गॅरेजात झाली नव्हती. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी आज्ञावली खुद्द फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांत बसवली होती. बंद डबीनेच ती वर्षानुवर्षे झाकली.

नव्या वाहनाला विक्रीपूर्व मान्यता देतानाच निदानसाधने वाजवी दराने खुली करण्याची अट केंद्र सरकारला घालता येईल. चाचणी करणारी एआरएआयसारखी संस्था पुण्यात आहेच.