सिस्टरना भलतंच विचारताय

परिचारिकांच्या ‘कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या ज्ञानाची व दृष्टिकोनाची’ आणखी एक प्रश्नावली या आठवड्यात हाती आली. ‘एआयमुळे तुमची नोकरी जाईल असे वाटते का?’ खाली पाच चौकटी, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. नाईट ड्युटी करून हँडओव्हर देणाऱ्या सिस्टरनी त्यांत टिक करायची. निष्कर्ष छापून तयारच असावा: ज्ञान मध्यम, प्रशिक्षणाची गरज. (प्रशिक्षण म्हणजे दीपप्रज्वलन आणि पुष्पगुच्छ, हे आपल्या वाचकांना पुन्हा सांगत नाही.)

परीक्षा घ्यायचीच तर आधी यंत्राची घ्या. अमेरिकेत एपिक कंपनीचं सेप्सिसचा इशारा देणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होतं. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात ते तपासलं, तेव्हा सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण त्याच्या हातून निसटलेले आढळले. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. वर दाखल झालेल्या शंभरांतल्या अठरांच्या नावाने इशारे सुरूच! असल्या इशाऱ्यांकडे सिस्टरनी काणाडोळा केला, की अहवालात ‘दृष्टिकोन नकारात्मक’.

आता कोलंबिया विद्यापीठाचं ‘कन्सर्न’ पाहा. त्याच्या प्रमुख संशोधक सारा रोझेटी स्वतः परिचारिका. हे मॉडेल सिस्टर काय नोंदवतात आणि किती वेळा नोंदवतात, ते बघतं. बीपी सकाळी घ्यायचं ठरलेलं असताना रात्री दोनला पुन्हा घेतलं, शेजारी शेरा लिहिला, म्हणजे बाईंना काहीतरी खटकलंय. दोन रुग्णालय-समूहांतल्या साठ हजारांवर रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी कमी झाला. २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने ते छापलं. दोन्ही तपासण्या वेगळ्या जातीच्या, हे मान्य. तरी माझं मत ठरलंय: सिस्टरची शंका ज्याने मोजली, ते यंत्र कामाचं.

आपल्याकडे मोजणार काय? वॉर्डात पन्नास पेशंट आणि सिस्टर एकट्या, तर जादा बीपी घ्यायला फुरसत कुठली? टीपीआर चार्ट एका बैठकीत भरला जातो. त्यातून कुठलंही मॉडेल बैठकच शिकेल. २०२२ साली राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ‘दृष्टिकोन’ विचारायला प्रश्नावली घेऊन कोण धावलं होतं?

तेव्हा संशोधक मंडळी, पुढच्या खेपेला एक प्रश्न वाढवा: तुमच्या वॉर्डात रात्री एका सिस्टरमागे किती पेशंट? उत्तर ताडून पाहायला माप आहे. शिक्षण रुग्णालयांच्या जनरल वॉर्डासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण तीन पेशंटमागे एक सिस्टर असं आहे.