ज्याचा त्याचा व्यायाम

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याच पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं.

प्रत्येकाला पदक नको असतं. कुणाला पंगतीत मांडी घालून बसायचं असतं, कुणाला एसटीची पायरी चढायची असते. चांगला फिजिओथेरपिस्ट आधी हेच विचारतो, मग खुर्चीतून उठबस करायला लावून पायांतली ताकद जोखतो आणि तिथून व्यायाम ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत अपंग व्यक्तींसाठी शिफारशी दिल्या: थोड्यापासून सुरुवात, हळूहळू वाढ.

या अंकातले व्यायाम निवडताना आपलं शरीर पाहा, शेजाऱ्याचा तक्ता नको.